‘अप’चे घराणे

इंग्रजीतले अवघड शब्द मराठी वाचकाला फारसे अडवत नाहीत. अडलेला शब्द कोशात सापडतो आणि बहुतेक वेळा एका अर्थावर काम भागते. खरी अडचण होते ती सोप्या शब्दांशी. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे शाळेत पहिल्याच वर्षी कळलेले असते; पण ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणे किंवा नाद सोडणे, हे त्या दोन अर्थांची बेरीज करून निघत नाही. ‘ब्रेक अप’, ‘मेक अप’, ‘लुक अप’, ‘टर्न अप’, ‘यूज अप’, ‘शट अप’ अशी ही रांग संपता संपत नाही. शिकवणारे आणि शिकणारे दोघेही यावर एकच उपाय करतात : यादी करायची आणि पाठ करायची. वाक्प्रचार म्हणजे भाषेची लहर, तिला कारण विचारू नये, अशी समजूत या उपायामागे असते. ही समजूत चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. एकाच शब्दाभोवती जमलेले वाक्प्रचार हा ढीग नसतो, ते एक घराणे असते. त्याच्या तीन-चार शाखा असतात आणि प्रत्येक शाखेचा मूळ अर्थाशी असलेला संबंध दाखवता येतो. शिवाय या घराण्याची जी शाखा सर्वांत मोठी आणि सर्वांत गूढ मानली जाते, तिचे काम मराठी माणूस आपल्या भाषेत दिवसभर करत असतो. हे दोन्ही मुद्दे ‘अप’ या एकाच शब्दाच्या आधारे तपासून पाहू.

आधी आपण नेमके कशाबद्दल बोलत आहोत ते ठरवले पाहिजे, कारण ‘अप’ सगळीकडे सारखे काम करत नाही. टेकडीवर धावत चढणे आणि दुकानात उधारी वाढवत नेणे या दोन्हींसाठी इंग्रजीत ‘रन अप’ वापरता येते : ‘शी रॅन अप अ हिल’ आणि ‘शी रॅन अप अ बिल’. दिसायला वाक्ये जुळी आहेत. पण दुसऱ्या वाक्यातला ‘अप’ शेवटी नेऊन ‘शी रॅन अ बिल अप’ म्हणता येते, पहिल्यात तसे करता येत नाही. पहिल्यात ‘अप’ टेकडीशी बांधलेला आहे, दुसऱ्यात तो क्रियापदाशी बांधलेला आहे. या दुसऱ्या प्रकारात कर्माच्या जागी सर्वनाम आले तर ते मध्येच बसवावे लागते. ‘लुक इट अप’ बरोबर, ‘लुक अप इट’ चूक. म्हणजे क्रियापद आणि ‘अप’ मिळून एक शब्द होतात, पण तो शब्द दुभंगू शकतो. परक्या माणसाला याचा किती त्रास होतो, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते आणि म्हणूनच अशा जोड्या आपण विशेष काळजीने गोळा केल्या, असेही सांगितले होते. या जोड्यांना आज रूढ असलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकातून आले. नाव मिळायला उशीर झाला असला तरी वस्तू जुनी आहे.

किती जुनी, ते पाहण्यासाठी इंग्लंडच्या पीटरबरो मठात लिहिल्या गेलेल्या बखरीकडे जावे लागते. या बखरीची शेवटची नोंद ११५४ सालची आहे. राजा स्टीफनने सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याचे पुतणे यांना कैदेत टाकले, आणि त्यांनी आपले किल्ले हवाली करेपर्यंत त्यांना सोडले नाही, असे तिच्यात लिहिले आहे. ‘हवाली करणे’ यासाठी तिथे आलेले शब्द म्हणजे आजच्या ‘गिव्ह अप’चेच जुने रूप. इथे हार मानणे हा अर्थ अजून स्वतंत्र झालेला नाही. एक खरा किल्ला खऱ्या माणसांच्या हातून वरच्या सत्तेकडे जातो आहे. किल्ला देऊन टाकला म्हणजे लढाई संपली, आणि लढाई संपली म्हणजे प्रयत्न संपले. सिगारेट ‘गिव्ह अप’ करणारा आजचा माणूस किल्ल्याचा विचार करत नाही, हे खरे. पण त्या जोडीचा आजचा अर्थ आकाशातून पडलेला नाही. एकेक पाऊल टाकत तो इथवर आलेला आहे.

त्याच काळात इंग्रजीच्या ठेवणीत मोठा बदल होत होता. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला आधी उपसर्ग लावून अर्थ बदलत असे. ‘जाळणे’ या क्रियापदाला ‘फॉर’ हा उपसर्ग लागला की पूर्णपणे जाळून टाकणे असा अर्थ होई. हे उपसर्ग झिजत गेले आणि त्यांचे काम क्रियापदानंतर येणाऱ्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ अशा सुट्या शब्दांकडे गेले. पूर्व आणि उत्तर इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत असे सुटे शब्द आधीपासून रुळलेले होते. तिचाही या बदलात वाटा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. संस्कृत शिकलेल्या वाचकाला हा प्रवास परका वाटायला नको. ‘हृ’ या एकाच धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार हे किती दूरदूरचे अर्थ होतात, ते आपण शाळेत शिकतो. उपसर्ग धातूच्या आधी लावावेत, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात सांगितले आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत नोंद केली की वेदांच्या भाषेत ते धातूनंतरही येतात आणि धातूपासून दूरही राहतात. क्रियापदापासून सुटा राहूनही त्याचा अर्थ फिरवणारा शब्द ही इंग्रजीची एकटीची खोड नाही. आपल्या परंपरेत त्याची ओळख दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

आता घराण्याच्या शाखा पाहू. पहिली शाखा सरळ आहे : वर म्हणजे जास्त. ‘स्पीड अप’ म्हणजे वेग वाढवणे, ‘स्पीक अप’ म्हणजे आवाज चढवणे, ‘हीट अप’ म्हणजे तापवणे, ‘चिअर अप’ म्हणजे उदासी झटकणे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या पुस्तकात यामागचे कारण मांडले. धान्याचा ढीग वाढला की त्याची उंची वाढते, भांड्यात पाणी ओतले की पातळी वर येते. माणूस जागा आणि निरोगी असतो तेव्हा उभा असतो, झोपलेला आणि आजारी असतो तेव्हा आडवा. हा अनुभव जन्मापासून रोजचा असल्याने ‘जास्त’, ‘चांगले’, ‘जागे’ या कल्पना वरच्या दिशेशी जोडल्या जातात. मराठीत भाव चढतात आणि उतरतात, तोंड उतरते, आजारातून माणूस उठतो, गावाला उतरती कळा लागते. त्यामुळे ही शाखा मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, फक्त दाखवावी लागते.

दुसरी शाखा हे या प्रकरणाचे हृदय आहे. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, ‘फिनिश अप’, ‘ड्राय अप’, ‘टेअर अप’ यांत वर जाणारे काहीच नाही. खाल्लेले अन्न उलट खाली जाते. म्हणून इथला ‘अप’ फुकटचा आहे, तो काढून टाकला तरी अर्थ तोच राहतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे खरे आहे का, ते पाहण्याची एक साधी कसोटी आहे. झीनो व्हेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांची जी वर्गवारी केली, तिच्यात ती वापरलेली आहे. काही क्रिया कितीही वेळ चालू शकतात, काही क्रियांना ठरलेला शेवट असतो. पहिल्यांना ‘इतका वेळ’ जोडता येते, दुसऱ्यांना ‘इतक्या वेळात’. ‘ही ड्रँक टी फॉर टेन मिनिट्स’ हे चालते. ‘ही ड्रँक अप द टी’ म्हटल्यावर मात्र ‘फॉर टेन मिनिट्स’ बसत नाही, ‘इन टेन मिनिट्स’ म्हणावे लागते. म्हणजे ‘अप’ने क्रियेला शेवट दिला, कप रिकामा केला. ‘कट द केक’ म्हणजे केकची एक फोड कापली तरी पुरते. ‘कट अप द केक’ म्हणजे अख्ख्या केकच्या फोडी झाल्या पाहिजेत. फुकटचा शब्द वाक्याचा अर्थ असा बदलत नाही.

आता हीच कसोटी मराठीला लावून पाहा. ‘तो दहा मिनिटे चहा पीत होता’ हे ठीक आहे. ‘त्याने दहा मिनिटांत चहा पिऊन टाकला’ हेही ठीक. पण ‘त्याने दहा मिनिटे चहा पिऊन टाकला’ असे कोणीही मराठी माणूस म्हणणार नाही. इंग्रजीत ‘अप’ जे करतो तेच मराठीत ‘टाकणे’ करते. त्या ‘टाकणे’मध्येही चहा कुठे फेकलेला नसतो, जसा इंग्रजी ‘अप’मध्ये तो वर गेलेला नसतो. मूळचा ठोस अर्थ मागे पडून क्रिया पुरी झाली एवढेच सांगण्यापुरता तो शब्द उरला आहे. आपल्याकडे असे शब्द अनेक आहेत : पुस्तक वाचून काढले, नाव विसरून गेलो, कागद जळून गेला, होते नव्हते ते गमावून बसला. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ मध्ये भारतीय उपखंडातल्या भाषांची समान लक्षणे मांडली, त्यांत अशा संयुक्त क्रियापदांना महत्त्वाचे स्थान दिले. इंग्रजांना हे काम क्रियापदापुढे दिशा लावून करावे लागते, आपण क्रियापदापुढे दुसरे क्रियापद लावून करतो. साधन वेगळे आहे, गरज एकच आहे.

साधन वेगळे असल्यामुळे पडणारा फरकही नीट पाहिला पाहिजे, नाहीतर तुलना वरवरची राहील. ‘अप’ला कर्त्याच्या मनाशी काही देणेघेणे नसते. तळे ‘ड्राय अप’ होते, मूल खाऊ ‘ईट अप’ करते, कारकून हिशेब ‘मेस अप’ करतो. तिन्ही ठिकाणी शब्द तोच. मराठीला एवढ्यावर भागत नाही. तळे आटून जाते, मूल खाऊ खाऊन टाकते आणि कारकून हिशेबाचा घोळ करून बसतो. आपोआप झाले, मुद्दाम केले, की करू नये ते हातून झाले, याची निवड मराठी बोलणाऱ्याला दर वेळी करावी लागते. ‘काढणे’ आले की त्यात कष्ट आणि बारकाई येते : शोधून काढणे, पिंजून काढणे, धुऊन काढणे. दुसरा फरक नकाराचा. इंग्रजीत ‘ही डिडन्ट ईट अप हिज डिनर’ सहज म्हणता येते. मराठीत नकार आला की हे दुसरे क्रियापद सहसा गळते आणि ‘त्याने जेवण संपवले नाही’ असे म्हणावे लागते. हे फरक ध्यानात ठेवून तुलना केली तर ती दिशाभूल करत नाही, उलट आपल्याच भाषेची बारीक वीण दाखवते.

पण पूर्णतेसाठी ‘वर’ हीच दिशा का, असा प्रश्न उरतोच. त्याचे सर्वांत पटणारे उत्तर भांड्यात आहे. पाणी भरताना पातळी वर चढते आणि काठाला लागली की थांबते. ‘फिल अप’मध्ये वर जाणे आणि पुरे होणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. अशा ठिकाणी ऐकणारा शब्दाचा संबंध दोन्हींशी जोडतो आणि पुढे त्यातला एकच अर्थ घेऊन शब्द दुसऱ्या क्रियांकडे जातो. ‘फिल अप’मध्ये ‘अप’ला वरही जायचे असते आणि पुरेही व्हायचे असते, ‘यूज अप’पर्यंत पोहोचताना वर जाणे गळून पडते आणि पुरे होणे उरते. शब्दांचे अर्थ असे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकतात.

तिसरी शाखा प्रकट होण्याची आहे. जे खाली दडलेले असते ते दिसत नाही, वर आले की दिसते. ‘टर्न अप’, ‘शो अप’, ‘पॉप अप’, ‘डिग अप’ ही सगळी इथली मंडळी. ‘क्रॉप अप’ म्हणजे अडचण अचानक उपस्थित होणे. हा शब्द खाणकामातला आहे, जमिनीखालचा खनिजाचा थर एखाद्या ठिकाणी पृष्ठभागावर डोके काढतो त्याला ते म्हणत. शब्दकोशात ‘लुक अप’ करायचे म्हणजे दडलेला अर्थ वर येईपर्यंत पाहायचे. कोणाच्या जवळ जाऊन उभे राहणे हे ‘कम अप टू’, कारण येणारा माणूस जवळ येईल तसा नजरेत मोठा आणि उंच होत जातो. सुसान लिंडनर यांनी १९८१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत ‘अप’ आणि ‘आउट’ या दोनच शब्दांवर प्रबंध लिहिला, त्यात अशा अर्थांची साखळी तपशिलात मांडली आहे. मराठीत हे काम पुन्हा ‘काढणे’ करते. इंग्रज बोलताना विषय ‘ब्रिंग अप’ करतो, आपण विषय काढतो. जुने भांडण तो ‘डिग अप’ करतो, आपण उकरून काढतो. चौथी शाखा बांधण्या-मिटवण्याची : ‘टाय अप’, ‘लॉक अप’, ‘रॅप अप’, ‘बटन अप’. ही दुसऱ्या शाखेचीच फांदी आहे. कडा एकमेकींना भिडल्या, उघडे काही राहिले नाही, म्हणजे काम पुरे झाले.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा की ‘अप’ आणि ‘डाउन’ एकमेकांच्या उलट असायला हवेत, पण ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ दोन्हींचा अर्थ वेग कमी करणे हाच होतो; घर ‘बर्न डाउन’ होते, कागद ‘बर्न अप’ होतो. मग शाखा कसल्या? पण नीट पाहिले तर याच जोड्या शाखांचा पुरावा देतात. घर उभे असते, जळून कोसळते, म्हणून ‘डाउन’; कागद कोसळत नाही, संपून जातो, म्हणून ‘अप’. दुकान संध्याकाळी ‘क्लोज अप’ करतात, कायमचे बंद करतात तेव्हा ‘क्लोज डाउन’. ‘स्लो डाउन’मध्ये वेगाचा आकडा उतरतो, तर ‘स्लो अप’मध्ये थांबण्याच्या टोकाकडे जाणे दिसते. एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते आणि भाषा दोन्ही बाजू जपून ठेवते. मराठीशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होते. दारूच्या अमलातून बाहेर येणे इंग्रजीत ‘सोबर अप’ आहे. मराठीत मात्र दारू उतरते. इंग्रजी माणसाकडे पाहते, तो शुद्धीवर येतो, शुद्ध ही वरची अवस्था. मराठी नशेकडे पाहते, ती चढली होती, आता उतरली. दोन्ही भाषांत ‘वर’चा अर्थ तोच आहे, फक्त कोण वर-खाली होते याची निवड निराळी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच जोडीचे अर्थ इतके असतात की शाखा सांगून काय उपयोग? डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये या जोड्या मोजल्या. सर्वाधिक वापराच्या शंभर जोड्यांना कोशात मिळून ५५९ अर्थ निघाले, म्हणजे सरासरी साडेपाचांहून जास्त. आकडा धडकी भरवणारा आहे, पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली : वीस क्रियापदे आणि आठ सुटे शब्द यांच्या जोड्यांनी एकूण वापराचा निम्म्याहून अधिक भाग व्यापलेला आहे. घर मोठे असले तरी राबता ठरावीक खोल्यांतच असतो. आणि अर्थ अनेक असले तरी त्यांत नाते नसते असे नाही. ‘मेक अप’ घ्या. नट भूमिकेसाठी तयार होतो, मूल खोटी गोष्ट रचते, अकरा खेळाडू संघ बनवतात, भांडलेले मित्र समेट करतात, बुडालेला तास भरून काढला जातो, मन पक्के केले जाते. सगळ्यांना ‘मेक अप’ चालते. अर्थ सहा दिसतात, पण सहाही ठिकाणी तुकडे जुळवून किंवा उणीव भरून काहीतरी पुरे उभे केले जाते. चेहऱ्याचा, गोष्टीचा, संघाचा, मैत्रीचा, वेळेचा आणि मनाचा पूर्ण आकार तयार होतो. दुसरी शाखा ज्याला समजली, त्याला इथे सहा स्वतंत्र नोंदी पाठ कराव्या लागत नाहीत.

तिसरा आक्षेप तर्काचा आहे : अर्थ आधी ठाऊक असला की कारण कोणीही जुळवू शकतो, अर्थ ठाऊक नसताना शाखा तो सांगू शकतील का? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर ‘नेमका नाही’ असे आहे. अर्थाला कारण असणे आणि अर्थ आधी वर्तवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नदीने असे वळण का घेतले ते भूगोल सांगतो. ती आणखी शंभर वर्षांनी कुठे वळेल ते सांगत नाही, आणि म्हणून भूगोल खोटा ठरत नाही. शिकण्यावर होणारा परिणाम मात्र तपासता येतो आणि तो तपासला गेला आहे. झोल्टन कोव्हेचेश आणि पीटर साबो यांनी १९९६ मध्ये हंगेरियन विद्यार्थ्यांच्या दोन छोट्या गटांना ‘अप’ आणि ‘डाउन’च्या जोड्या शिकवल्या; एका गटाला नुसते मातृभाषेतले अर्थ दिले, दुसऱ्याला त्यामागची दिशेची कल्पना समजावली. दुसरा गट सरस ठरला, न शिकवलेल्या जोड्यांतही. फ्रँक बोअर्स यांनी २००० मध्ये फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला तेव्हा शिकवलेल्या जोड्या चांगल्या लक्षात राहिल्या, पण नव्या जोड्यांत फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल एकत्र ठेवले तर निष्कर्ष मर्यादित पण भक्कम निघतो : शाखा कळल्याने स्मरण सुधारते, अंदाजाला दर वेळी यश येईलच असे नाही. यादी पाठ करण्यापेक्षा हे नक्कीच जास्त आहे.

मराठीच्या तुलनेबद्दलही सावध राहिले पाहिजे. मातृभाषेत सोय आहे म्हणून परभाषेतली जोडी जिभेवर बसते असे नाही. डचमध्ये इंग्रजीसारख्याच जोड्या आहेत. तरीही इंग्रजी शिकणारे डच विद्यार्थी काही जोड्या टाळतात, कारण त्या फारच आपल्या भाषेसारख्या वाटतात आणि चूक होईल अशी धास्ती असते, असे हुल्स्टाइन आणि मार्चेना यांना १९८९ मध्ये आढळले. आपल्याकडे जोड्या टाळल्या जातात त्याला आणखी एक कारण आहे. आपण इंग्रजी प्रामुख्याने छापील पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे ‘टॉलरेट’ आपल्याला भारदस्त वाटते आणि ‘पुट अप विथ’ बोलभांड. पण या जोड्यांना वळसा घालून इंग्रजीत राहता येत नाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ तयार केले आणि क्रियापदे फक्त १८ ठेवली, तेव्हा उरलेल्या हजारो क्रियापदांचे ओझे ‘पुट’, ‘गेट’, ‘गिव्ह’ यांच्यापुढे लावलेल्या ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांच्यावरच पडले. ‘टॉलरेट’ हा शब्द यादीतून गेला आणि त्याच्या जागी ‘पुट अप विथ’ आले. शब्द कमी झाले, वाक्प्रचार वाढले. सोपी इंग्रजी करायला गेले तरी ‘अप’चा कारभार कमी होत नाही, तो वाढतो.

काही जोड्या मात्र कोणत्याही शाखेत सुखाने बसत नाहीत आणि तिथे इतिहासच विचारावा लागतो. फोन ‘हँग अप’ करणे म्हणजे बंद करणे, कारण जुन्या भिंतीवरच्या यंत्रात कानाला लावायचा भाग बोलणे झाल्यावर आकड्याला टांगायचे. त्याच्या वजनाने आकडा खाली जाई आणि संपर्क तुटे. मराठीत फोन ठेवतात, कारण आपल्या बोलण्यात मेजावरचा फोन रुजला. आज टांगायलाही काही नाही आणि ठेवायलाही काही नाही, तरी दोन्ही वाक्प्रचार टिकून आहेत. ‘वॉश अप’ म्हणजे ब्रिटनमध्ये भांडी घासणे आणि अमेरिकेत हातपाय-तोंड धुणे. असा फरक कोणतीही शाखा आधी सांगू शकत नाही. अशा जोड्या पाठच कराव्या लागतात. पण त्या अपवाद आहेत, आणि अपवाद वेगळे काढले की पाठांतराचे काम एकदम हलके होते.

मराठीने स्वतः ‘अप’ कसा घेतला, तेही या घराण्याबद्दल बरेच सांगते. चेकअप, बॅकअप, पॅकअप, सेटअप, मेकअप, ब्रेकअप, फॉलोअप, स्टार्टअप हे शब्द आता मराठीतच राहतात. शूटिंगचे पॅकअप होते आणि गाडीला पिकअप नसतो. यातले बहुतेक शब्द आपण नाम म्हणून घेतले आणि ‘करणे’, ‘होणे’, ‘घेणे’ ही आपली क्रियापदे त्यांच्यापुढे लावली. इंग्रजीतही नाम होताना या जोड्यांचा उच्चार बदलतो. क्रियापद असताना जोर ‘अप’वर पडतो, नाम झाले की पहिल्या शब्दावर येतो आणि मधे सर्वनाम शिरायची वाट बंद होते. म्हणजे आपल्याकडे जे आले ते जोडीचे गोठलेले रूप. ‘चेकअप केला’ म्हणणाऱ्याला ‘चेक इट अप’ असे म्हणता येत नाही, हे त्यामुळे सांगावे लागते. पण ‘चेकअप’मधला ‘अप’ म्हणजे तपासणी वरवरची नव्हे, पुरती, हे त्याला न सांगता कळलेले असते.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना आणि त्याहून अधिक शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘अप’ची जोडी समोर आली की तिला यादीच्या तळाशी लिहू नका. आधी विचारा की इथे काही वाढते आहे, पुरे होते आहे, प्रकट होते आहे की मिटते आहे. मग त्याच वाक्याचे मराठी करताना ‘टाकणे’, ‘काढणे’, ‘जाणे’, ‘बसणे’ यांपैकी कोणते क्रियापद आपसूक तोंडात येते ते पाहा. ते आले की जोडीचा अर्थ निम्मा हाती आला असे समजा, आणि उरलेल्या निम्म्यासाठी खुशाल कोश उघडा. ‘आउट’, ‘ऑफ’ आणि ‘डाउन’ यांचीही घराणी अशीच आहेत; त्यांच्या शाखा वर्गात मुलांकडूनच शोधून घ्या.